किनाऱ्यावरच्या मोटारसायकलला पुन्हा रंग देताना: खर्चाचा हिशेब आणि कामाचा क्रम

माझ्या १२५ सीसीच्या मोटारसायकलला मी आजवर दोनदा रंग दिला आहे. पहिल्यांदा ३,५०० रुपये मोजले, मे महिन्याच्या अखेरीस घाईघाईने काम उरकून घेतले आणि गाडी नव्यासारखी चकाकत घरी आणली. दसऱ्याला पूजेसाठी ती धुवायला काढली तेव्हा टाकीच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे फुगे आलेले दिसले, आणि त्यातला एक नखाने टोचल्यावर आतून तांबूस पाण्याचा थेंब बाहेर आला. दुसऱ्यांदा ८,१०० रुपये लागले. तो रंग तीन पावसाळे काढून अजून शाबूत आहे. या दोन रकमांत ४,६०० रुपयांचे अंतर आहे, पण प्रत्यक्ष रंगाच्या डब्यांतला फरक फार तर सात-आठशेचा होता. उरलेले पैसे रंग लागण्याच्या आधीच्या कामासाठी गेले. किनारपट्टीवर राहणाऱ्याने रंगकामाचा खर्च काढताना हीच गोष्ट आधी समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

येथे दिलेले भाव सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावी मला स्वतःला सांगितले गेलेले किंवा मी दिलेले आहेत. गावोगाव ते बदलतील. अंदाज बांधण्यापुरते ते धरावेत.

पहिली पायरी: रंग ठरवण्याआधी गंज मोजा

घाटावर गाडी उन्हाने फिकी पडते, म्हणून लोक रंग देतात. आपल्याकडे गाडी गंजते, म्हणून द्यावा लागतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि ते पत्र्यावर, बोल्टच्या खाचेत, टाकीच्या शिवणीत बसतात. मिठाचा एक गुणधर्म असा, की हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलेच पाणी ओढून विरघळते. कोकणात पावसाळाभर आणि इतर महिन्यांतही पहाटे आर्द्रता या मर्यादेच्या वरच असते. म्हणजे पाऊस पडो न पडो, पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर पुन्हा पुन्हा धरतो आणि तो गंजाचे काम बिनबोभाट चालू ठेवतो. हेच मीठ नव्या रंगाखाली अडकून राहिले, तर ते रंगातूनही ओलावा आत ओढते आणि फुगे येतात. माझ्या टाकीला झाले ते नेमके हेच.

म्हणून पेंटरकडे जाण्याआधी एक तास काढून गाडी गोड्या पाण्याने धुवावी, सीट काढावी आणि उजेडात नीट पाहावी. टाकीच्या खालची शिवण, टाकीचा सीटखाली दडलेला मागचा ओठ, मागच्या मडगार्डची आतली बाजू, साइड स्टँडचा सांधा आणि चेसिसचे वेल्डिंगचे जोड या जागा बोट फिरवून तपासाव्यात. जिथे रंग उचलला गेला आहे तिथे बोथट सुरीने हलकेच खरवडावे. खपली निघून खाली घट्ट पत्रा लागला, तर गंज वरवरचा आहे. सुरीचे टोक रुतले किंवा पत्रा दबला, तर तेथे रंगकामाच्या आधी वेल्डिंगचे काम आहे आणि त्याचा हिशेब वेगळा करावा लागेल.

टाकीच्या आत टॉर्च मारून पाहण्यास विसरू नये. हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यात गणपतीला आले की चालवायची आणि मग शिमग्यापर्यंत पडवीत झाकून ठेवायची, असा ज्या गाड्यांचा शिरस्ता आहे, त्यांची अर्धी रिकामी टाकी आतून गंजलेली असण्याची शक्यता बरीच असते. आतला गंज पत्रा पोखरून बाहेर आला की वरच्या रंगाला, तो कितीही उंची असला तरी, फोड येणारच. टाकीची आतली सफाई फॉस्फोरिक आम्लाच्या गंजनाशकाने करतात आणि ती रंगाच्या आधीच करून घ्यावी, कारण ते द्रावण नव्या रंगावर ओघळले तर डाग पडतात. टाकी गळत असेल तर मात्र ती कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे देऊ नये. रिकाम्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकते. टाकीचे काम नेहमी करणाराच माणूस शोधावा, नाहीतर सरळ नव्या टाकीची किंमत विचारावी.

जुनी गाडी विकत घेतली असेल, तर आणखी दोन चाचण्या आहेत. छोटे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून टाकीवर फिरवावे. ज्या जागी ते धरत नाही तेथे रंगाखाली पुटीचा, म्हणजे जुने पेंटर जिला लांबी म्हणतात तिचा, जाड थर आहे असे समजावे. दुसरी चाचणी थिनरची. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन सीटखालच्या न दिसणाऱ्या भागावर घासावा. रंग बोळ्यावर उतरला, तर आधीचा रंग साध्या प्रतीचा आहे आणि त्यावर थेट भारी रंग मारला तर खालचा थर उचलला जाऊन वर सुरकुत्या पडतील. तो सगळा उतरवावा लागेल, आणि उतरवण्याची मजुरी अंदाजात यायला हवी.

दुसरी पायरी: काय रंगवायचे आणि काय नाही

‘पूर्ण गाडीचा रंग’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक गॅरेजात निराळा असतो. कोणी टाकी, दोन साइड पॅनल, मागचे शेपटीचे पॅनल, हेडलाइटचा व्हायझर आणि पुढचे मडगार्ड एवढ्यालाच पूर्ण गाडी म्हणतो. कोणी त्यात चेसिस, स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा दांडा) आणि स्टँडही धरतो. त्यामुळे दोन पेंटरांच्या भावांची तुलना करण्याआधी सुट्या भागांची यादी कागदावर लिहून तीच दोघांपुढे ठेवावी.

प्लास्टिकच्या भागांबाबत माझे स्पष्ट मत असे, की तडा गेलेला किंवा क्लिप तुटलेला भाग रंगवत बसू नये. नेहमीच्या चालीच्या गाड्यांची साइड पॅनले आणि मडगार्डे रंगीत तयार मिळतात, आणि कित्येकदा ती जोडून-घासून रंगवण्याच्या खर्चातच येतात. काळ्या, खरखरीत प्लास्टिकची मडगार्डे बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असतात आणि त्यांच्यावर रंग धरत नाही. ती आहेत तशीच ठेवावीत. गुळगुळीत रंगीत पॅनले एबीएस प्लास्टिकची असतात. ती रंगवता येतात, परंतु रंगाआधी त्यांना प्लास्टिकचा खास प्राइमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर, लागतो. तो वापरणार का, हे विचारून घ्यावे. न वापरल्यास सहा महिन्यांत कडेने साल निघते.

चेसिससाठी पावडर कोटिंग उत्तम, यात वाद नाही. त्यात कोरडी पावडर पत्र्यावर बसवून १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात आणि तो थर खाऱ्या हवेला साध्या रंगापेक्षा पुष्कळ चांगला तोंड देतो. पण भट्टीत जायला चेसिस नागडी हवी, म्हणजे इंजिन उतरवणे, वायरिंग काढणे आणि सारे पुन्हा जोडणे आले. मला नुसत्या कोटिंगचा भाव तीन ते पाच हजार सांगितला गेला आणि उतरवण्या-जोडण्याची मजुरी जवळजवळ तेवढीच. शिवाय भट्टी प्रत्येक तालुक्यात नसते; आमच्याकडचे बरेच लोक चेसिस घाट चढवून कोल्हापूरला पाठवतात. इंजिनाचे काम निघणारच असेल तेव्हाच हे करावे, एरवी चेसिसवरचा गंज हाताने घासून प्राइमर आणि काळा रंग दिला तरी चालते. कोणत्याही परिस्थितीत चेसिस क्रमांकाची जागा झाकून घ्यायला सांगावी. तो क्रमांक पुटीखाली किंवा रंगाच्या थरात बुजला, तर पुढे गाडी विकताना आपल्यालाच उत्तरे द्यावी लागतात.

नंबर प्लेटचेही तसेच. उच्च सुरक्षा नंबर प्लेट ज्या स्नॅप लॉकने बसवतात, ते लॉक काढताना तुटते आणि पुन्हा वापरता येत नाही. म्हणून मागच्या मडगार्डचे काम असेल तर प्लेट न काढता कागद-टेपने झाकून घेणे शक्य आहे का, ते आधी पाहावे.

सायलेन्सरला साधा रंग लावू नये, तो पहिल्याच फेरीत जळतो. त्याला उष्णता सहन करणारा वेगळा रंग मिळतो.

तिसरी पायरी: रंगाची जात

आपल्याकडच्या गॅरेजांत मुख्यतः दोन जातींचा रंग वापरला जातो. एक नायट्रोसेल्युलोजचा, ज्याला पेंटर एनसी किंवा जुन्या सवयीने ड्युको म्हणतात. तो हवेत चटकन वाळतो, स्वस्त असतो, घासून चमकवता येतो. पण पेट्रोलचा थेंब पडला की मऊ पडतो आणि खाऱ्या हवेत लवकर निस्तेज होतो. दुसरा पॉलीयुरेथेनचा, म्हणजे पीयू. यात रंगात किंवा वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, हार्डनर मिसळतात आणि दोहोंची रासायनिक क्रिया होऊन थर कडक बनतो. पेट्रोल, ऊन आणि मीठ या तिघांनाही तो टिकतो.

सुट्या रंगीत भागांचा एनसी रंग मला साडेतीन ते पाच हजारांच्या दरम्यान सांगितला गेला. तेच भाग पीयू बेस (खालचा रंगीत थर) आणि क्लिअर कोटमध्ये सहा ते दहा हजार. एकटी टाकी रंगवण्याचा भाव दीड ते तीन हजार. मेटॅलिक रंगाला साध्यापेक्षा थोडे अधिक पडतात आणि मोत्यासारख्या झाकेच्या रंगाला आणखी, कारण त्यात थर वाढतात आणि नंतर एखादा भाग पुन्हा रंगवायची वेळ आली तर झाक जुळवणे कठीण जाते. साधा काळा किंवा गडद निळा रंग नवशिक्याने निवडावा असे मी सुचवेन.

समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने टाकीसाठी एनसी रंगाचा विचारच करू नये. हौस म्हणून वर्षा-दोन वर्षांनी रंग बदलणाऱ्याची गोष्ट वेगळी.

घरच्या घरी स्प्रे कॅन मारून काम भागेल का, असे अनेकजण विचारतात. आरशाची दांडी, साखळीचे कव्हर, स्टँड यांच्यासाठी अवश्य भागेल. टाकीसाठी नाही, कारण बाजारात सहज मिळणाऱ्या कॅनमधल्या रंगात हार्डनर नसतो आणि पेट्रोल भरताना ओघळलेला पहिलाच थेंब त्यावर पांढरी रेघ सोडतो. आणि हार्डनरचा पीयू रंग घराच्या पडवीत मारण्याचा मोह कोणी धरू नये. त्यातील आयसोसायनेटचे कण श्वासावाटे गेले तर दमा जडू शकतो, आणि तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाहीत.

चौथी पायरी: अंदाज कसा मागावा

‘गाडीला रंग द्यायचा आहे, किती होतील?’ असे विचारले की एक ठोक आकडा मिळतो, आणि ठोक आकड्यात घासकाम किती धरले आहे ते कळायला मार्ग नसतो. घासाघीस करून आपण पाचशे रुपये कमी करून घेतो. पेंटर ते पाचशे घासकामातून कमी करतो. पहिल्या वेळी मी हेच केले आणि स्वतःच्या व्यवहारचातुर्यावर खूश झालो.

दुसऱ्या वेळी मी कुडाळच्या एका वयस्क पेंटरकडे गेलो आणि प्रत्येक कामाचे पैसे वेगळे लिहून मागितले. घासकामाच्या रकमेवर माझी भुवई वर गेलेली पाहून ते हसले आणि म्हणाले, “रंग मारूक दोन तास लागतत, घासूक दोन दिवस.” त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब असा होता: भाग सुटे करणे आणि जोडणे ७०० रुपये; टाकीची आतली सफाई ५००; जुना रंग उतरवणे, घासकाम आणि पुटी २,२००; प्राइमर ६००; पीयू बेस, क्लिअर कोट आणि हार्डनर १,९००; स्प्रेची मजुरी १,२००; स्टिकर ६५०; रबरी बुश, क्लिपा आणि बोल्ट ३५०. एकूण ८,१००.

यात सफाई, घासकाम आणि प्राइमर मिळून ३,३०० रुपये होतात, म्हणजे एकूण खर्चाचे सुमारे दोन पंचमांश. गंजलेल्या गाडीच्या अंदाजात हा वाटा एक पंचमांशाच्या आसपास दिसला, तर काय गाळले आहे ते विचारावे. बोल्ट आणि रबरांचे साडेतीनशे पाहून हसू येते खरे, पण गंजलेला बोल्ट उघडताना तुटतो आणि कडक झालेले रबर पुन्हा बसत नाही, हे प्रत्येक जुन्या गाडीच्या बाबतीत घडते. तो खर्च अंदाजात नसेल तर तो नंतर निघतोच, आणि तेव्हा गाडी सुटी पडलेली असल्यामुळे आपण काही बोलू शकत नाही.

अंदाजाच्या त्याच कागदावर रंगाची जात, कंपनीचे नाव, थरांची संख्या आणि एका पावसाळ्याची हमी लिहून घ्यावी. वर्षाची हमी बहुतेकजण तोंडी देतात. मी मुद्दाम ‘पावसाळा’ हा शब्द लिहून घेतला, कारण ऑक्टोबर ते मे या काळात वाईट रंगही टिकतो. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये. प्राइमर लागल्यावर काम पाहून पुढचा हप्ता द्यावा, म्हणजे घासकाम पाहण्याचे निमित्त आपोआप मिळते.

पाचवी पायरी: मुहूर्त

जून ते सप्टेंबर रंगकाम करू नये. दमट हवेत स्प्रे मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि रंगावर पांढुरकी धुरी येते. पीयूच्या हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन वायू सुटतो आणि थरात सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. पावसाळ्यात उघडून ठेवलेला हार्डनरचा डबाही याच कारणाने बिघडतो, म्हणून आपल्या कामाला सीलबंद डबा फोडायला सांगावे. डब्याच्या झाकणाखाली साय किंवा गाठी दिसल्या तर तो वापरू देऊ नये.

आणखी एक स्थानिक बाब. आमच्याकडचे हाताने चांगले असलेले काही स्प्रे पेंटर आषाढ-श्रावणात कॉम्प्रेसर उचलून गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवायला जातात. त्या दिवसांत गॅरेजात मागे राहतो तो शिकाऊ मुलगा. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. शिमग्यानंतर लग्नसराईची घाई सुरू होते आणि भावही चढतात.

दिवसातली वेळही पाहावी लागते. हिवाळ्यात पहाटे पत्र्यावर दव असते आणि ते डोळ्यांना दिसले नाही तरी बोटाला लागते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावे, असा रंगकामातला नियम आहे. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि मिठाबरोबर जांभ्याची तांबडी धूळही उडवतात. त्यामुळे बंद खोली नसलेल्या साध्या गॅरेजात स्प्रे मारण्याची वेळ म्हणजे दव सुकल्यापासून वारा सुटेपर्यंतची, साधारण दहा ते साडेबाराची. माझ्या पेंटरांनी दुपारी एकनंतर स्प्रेची बंदूक हातात घ्यायला साफ नकार दिला आणि काम दुसऱ्या दिवसावर गेले. तेव्हा मी चडफडलो होतो.

सहावी पायरी: काम चालू असताना

घासकामाला पाणी लागते, आणि ते कोणते आहे हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. किनाऱ्याजवळच्या आणि खाडीकाठच्या बऱ्याच विहिरींचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते. त्या पाण्यात काचपेपर बुडवून पत्रा घासला, की ज्या मिठाला आपण पैसे देऊन काढले तेच पुन्हा पत्र्यावर चोळले जाते. नळाचे गोडे पाणी नसेल तर घरून दोन कॅन भरून न्यावेत. मी नेले, आणि गॅरेजातल्या पोरांनी माझी थोडी थट्टाही केली. खडबडीत काचपेपरने सुरुवात करून प्राइमरआधी ३२० ते ४०० आणि बेस कोटआधी ६०० ते ८०० क्रमांकाच्या पेपरापर्यंत यावे लागते. शेवटच्या घासकामानंतर भाग गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण सुकवून लगेच प्राइमर लागला पाहिजे. उघडा पत्रा किनाऱ्यावर एक रात्रही राहू देऊ नये. सकाळी त्यावर हळदीसारखी पिवळसर छटा दिसते आणि तो गंजच असतो.

गॅरेजात एक फेरी घासकाम संपल्याच्या दिवशी मारावी. टाकीच्या वरच्या दर्शनी भागाकडे पाहण्याची गरज नाही, तो सगळेच नीट करतात. टाकी उलटी करून तिची शिवण, पेट्रोल कॉकच्या भोवतालची जागा आणि सीटखालचा ओठ पाहावा. तेथे काळे ठिपके राहिले असतील तर ते गंजाचे खड्डे आहेत. तेवढ्यावर गंजनाशक लावून, धुऊन, पुन्हा घासण्यास सांगावे. दुसरी फेरी स्प्रेच्या दिवशी मारता आली तर उत्तम. हार्डनर डोळ्यांच्या अंदाजाने न ओतता मापाच्या कपाने, डब्यावर छापलेल्या प्रमाणात घातला जातो की नाही, एवढेच पाहायचे असते. कमी पडला तर रंग मऊ राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होतो. क्लिअर कोटच्या दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावी लागतात. जेवणाची वेळ जवळ आली की याच मिनिटांवर काट बसते.

रंग बदलायचा असल्यास

मूळ रंगच पुन्हा देणार असाल तर कागदपत्रांचे काहीच काम नाही. रंग बदलणार असाल, तर आरसी पुस्तकावर रंगाची नोंद असते हे ध्यानात घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांची तरतूद आहे. परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घेऊन नंतर नवी नोंद करून घेणे हा सरळ मार्ग. रायगडकरांसाठी पेण, रत्नागिरीकरांसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवासीयांसाठी ओरोस येथील कार्यालय आहे. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे संमतिपत्र लागते. विमा कंपनीलाही कळवावे, कारण अपघातानंतर पॉलिसीतला लाल आणि प्रत्यक्षातला काळा रंग जुळवत बसण्याची वेळ येऊ नये. या फेऱ्यांचा खर्च आणि बुडालेली रजा रंगाच्या हिशेबात धरावी.

लष्करी दिसणारा ऑलिव्ह ग्रीन रंग जुन्या बुलेटच्या शौकिनांना फार आवडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. तो देऊ नये.

विम्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. गंजामुळे गेलेला रंग विम्यात बसत नाही. ती झीज समजली जाते. अपघाताने गेलेला बसतो, परंतु मालाच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिल एकत्रित असेल तर एकूण रंगखर्चाचा २५ टक्के भाग माल म्हणून धरतात. चार हजारांच्या रंगात म्हणजे पाचशे रुपये कापले जातील. मात्र दावा केला की दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत जाते, जी पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. एका ओरखड्यासाठी दावा परवडतो का, हे आपल्या हप्त्याचा कागद पुढे घेऊन पाहावे.

ताब्यात घेताना आणि नंतरचा महिना

गाडी संध्याकाळी घेऊ नये. दिवसा, सावलीतून उन्हात नेऊन पाहावी. ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आणि टाकी व पॅनल यांच्या झाकेतला फरक उन्हातच दिसतो. ब्रेकच्या डिस्कवर, टायरवर आणि मीटरच्या काचेवर रंगाचा फवारा उडाला आहे का, तेही पाहावे. डिस्कवरचा फवारा ही सौंदर्याची नव्हे, ब्रेक लागण्याची बाब आहे.

पीयू रंग हाताला एका दिवसात कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा घेतो. तोवर गाडी धुऊ नये, टाकीवर बॅग ठेवू नये आणि पेट्रोल स्वतः उभे राहून काळजीपूर्वक भरून घ्यावे. पॉलिश किंवा वॅक्स महिनाभर नको. पावसाळ्याआधी गाडीला खालून जुने ऑइल मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे; ते चेसिसपुरते ठेवावे, कारण नवीन घातलेली रबरे ऑइलने फुगतात. समुद्राच्या वाळूत गाडी नेली असेल किंवा मागे मासळीची टोपली बांधून आणली असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. टोपलीतून ठिबकणारे पाणी मागच्या पॅनलच्या आतल्या बाजूने उतरते आणि वरून पुसलेली गाडी आतून भिजलेलीच राहते. प्लास्टिकच्या आवरणाखाली ओली गाडी झाकण्यापेक्षा ती पडवीत उघडी ठेवलेली बरी.

एवढे झाल्यावर उरलेला बेस रंग पेंटरकडून मागून घ्यावा. हार्डनर न घातलेला, पन्नास मिलिलिटरही पुरतो. काचेच्या छोट्या बाटलीत घट्ट बूच लावून, वर रंगाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवला तर गोट्याने उडालेली एखादी टवकी त्याच दिवशी बुजवता येते आणि गंजाला तेथून शिरकाव मिळत नाही. माझी बाटली पोटमाळ्यावर आहे. ती पूर्वी कफ सिरपची होती, त्यामुळे आईने तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘औषध नव्हे’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.